दोघांचे पत्ते आणि तिसरा भिडू

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला, तेव्हा कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतलं घर बंद करून मी राजारामपुरीत मामांकडं जाऊन राहिले. आईबाबा पुण्याला भावाकडं गेलेले, हायवे बंद झाल्यामुळं तिकडंच अडकले. राजाराम बंधाऱ्यापाशी नदीची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी त्याच्या कितीतरी वर चढलेलं. लाईट नाही, फोनची बॅटरी राखून वापरायची, पेपर वाचून दोनदा झालेला. मामांनी कपाटातून पत्त्यांचा कॅट काढला, सतरंजीवर टाकला आणि मग आमच्या दोघांच्याही लक्षात आलं की येतात ते सगळे खेळ तिघा-चौघांचे आहेत. मेंढीकोटला चार लागतात, पाच-तीन-दोनला तीन. मामी पत्त्यांना हात लावत नाहीत. त्यांच्या मते पत्ते हे रिकामटेकड्यांचं काम, आणि त्या दिवसांत पिण्याचं पाणी भरून ठेवण्यापासून सगळी कामं त्यांनाच होती, त्यामुळं वाद घालायची सोय नव्हती.

त्या सहा-सात दिवसांत दोघांचे जेवढे खेळ आठवले तेवढे आम्ही खेळलो. काही दहा मिनिटांत कंटाळवाणे झाले, काही रात्री बारापर्यंत सुटेनात. असं का होतं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. नंतर कागद-पेन्सिल घेऊन बसले तेव्हा कळलं, आणि ते फार अवघडही नाही.

चौघांत ५२ पानं वाटली की तुमच्या हातात १३ येतात. उरलेली ३९ बाहेर आहेत एवढं तुम्हाला माहीत, पण कुठलं कुणाकडं ते नाही. इस्पिकचा एक्का माझ्याकडं नाही, म्हणजे तिघांपैकी कुणाकडं तरी. दोघांत सगळी पानं वाटली तर ही मजाच संपते. जे माझ्याकडं नाही ते समोरच्याकडं आहे, यात शंकेला जागाच नाही. माझी २६ पानं बघितली की त्याची २६ मी न बघता सांगू शकते.

चॅलेंज हा थापांचा खेळ दोघांत फसतो तो यामुळंच. मामांनी दोन पानं पालथी टाकली आणि म्हणाले, ‘दोन राजे.’ माझ्या हातात तीन राजे. थाप पकडायला त्यांच्या चेहऱ्याकडं बघायचीसुद्धा गरज नाही, साधी वजाबाकी पुरते. तीन डावांत आम्ही तो खेळ सोडून दिला. पुढं त्यावर एक उपाय सापडला: वाटण्याआधी १६ पानं न बघता बाजूला ठेवायची आणि उरलेली ३६ वाटायची. आता माझ्याकडं एक राजा असला तरी बाकीचे तीन मामांकडं आहेत की त्या बाजूच्या गठ्ठ्यात, हे कळत नाही. थापेत पुन्हा जीव येतो.

तो बाजूचा गठ्ठा म्हणजेच तिसरा भिडू. तो खेळत नाही, बोलत नाही, पण काही पानं धरून बसतो. दोघांचा कुठलाही बरा खेळ घ्या, त्यात हा तिसरा कुठल्या ना कुठल्या रूपात असतोच.

तो जिथं नाही असा खेळ म्हणजे भिकार-सावकार. कॅट निम्मा निम्मा, २६-२६. पानं बघायची नाहीत. आळीपाळीनं वरचं पान उलटून मधे टाकायचं. समोरच्यानं टाकलेल्या पानाच्याच नंबराचं पान आपण टाकलं, सत्तीवर सत्ती, राणीवर राणी, की मधला सगळा ढीग आपला. ज्याची पानं संपली तो भिकार. यात ठरवायचं असं काहीच नाही. हातानं पान टाकायचं आणि बघत बसायचं, इतकंच. लहान मुलांना हा खेळ आवडतो कारण त्यात आजोबा आणि नातू अगदी एका पातळीवर येतात, आणि मोठ्यांना तो नको होतो तेही त्याच कारणानं.

तरी त्यातला एक हिशेब गमतीचा आहे. एक पान पडलं की त्याच्या नंबराची आणखी तीनच पानं उरतात आणि पुढचं पान ५१ पैकी कुठलंही असू शकतं. म्हणजे जुळायची शक्यता ५१ त ३, सोप्या भाषेत सतरात एक. ५२ पानांच्या ओळीत शेजारी-शेजारी अशा ५१ जागा, त्यातल्या दर सतरांमागं एक जुळते. एकूण तीन. नीट पिसलेल्या कॅटमध्ये सरासरी तीनच जुळणी! म्हणून ढीग वाढत जातो, वाढत जातो आणि लहानग्यांचा श्वास अडकतो. अख्ख्या कॅटमध्ये एकही जुळणी नाही असंही शेकड्यात चार-पाच वेळा होतं.

याचा एक इंग्रजी चुलतभाऊ आहे. त्यात नंबर जुळवायचा नसतो. एक्का, राजा, राणी, गुलाम पडला की समोरच्यानं अनुक्रमे चार, तीन, दोन, एक पान ‘दंड’ म्हणून द्यायचं. तोही पूर्ण नशिबाचा. असा डाव कधीच न संपता फिरत राहील अशी पानांची वाटणी असू शकते का, हा प्रश्न गणितवाल्यांनी अनेक वर्षं चघळला, आणि २०२४ मध्ये तशी एक वाटणी खरोखर सापडली. दोन माणसं ती वाटणी घेऊन बसली तर उठायचं कारणच उरणार नाही. पूर ओसरायची वाट बघणाऱ्यांसाठी उत्तम.

गुलामचोरचं प्रकरण वेगळं आहे. एक गुलाम काढून ठेवायचा, बाकी ५१ वाटायची, प्रत्येकानं आपल्या जोड्या टाकायच्या, मग एकमेकांच्या हातातलं एकेक पान न बघता ओढायचं. शेवटी एकटा गुलाम ज्याच्याकडं राहिला तो चोर. पाच-सहा जण असले की ओढलेलं पान बहुतेकदा जुळत नाही. दोघांत मात्र ते हमखास जुळतं. माझ्याकडं एक छक्की उरली असेल तर दुसरी मामांकडंच असणार, जाईल कुठं? म्हणजे गुलाम सोडून काहीही ओढलं तरी जोडी लागतेच. मधली सगळी ओढाओढ नुसता वेळकाढूपणा. खरा खेळ सुरू होतो शेवटच्या तीन पानांवर: माझ्या हातात एक, समोर दोन, त्यातला एक गुलाम, आणि ओढायची पाळी माझी.

निम्मे वेळा मी सुटते. चुकले तर गुलाम माझ्याकडं येतो, माझी दोन होतात, आणि आता त्याची पाळी, तीच निम्मी संधी. असं फिरत राहतं. हिशेब मांडला तर पहिल्यांदा ओढणारा तीनातून दोनदा सुटतो. म्हणजे त्या क्षणी पाळी कुणाची हेच महत्त्वाचं, आणि ते आपल्या हातात नसतं.

आपल्या हातात असतो तो चेहरा. माझी आज्जी या तीन पानांची उस्ताद होती. दोन पानांपैकी एक ती बोटभर वर धरायची. लहानपणी मला वाटायचं, वर धरलंय म्हणजे तोच गुलाम, मला फसवायला. मी खालचं ओढायची आणि तो गुलाम निघायचा. पुढच्या वेळी शहाणी होऊन वरचं ओढायची, तर आता गुलाम तिथं. पदराआड हसू दाबत ती म्हणायची, ‘डोळ्यात बघू नगंस, पानाकडं बघ.’ मी अर्थातच डोळ्यात बघायची. निम्म्या संधीचा खेळ तिनं माझ्यापुरता पाव करून ठेवला होता.

आता सात-आठ. दोघांच्या खेळांत माझं मन यातच गुंतलंय, त्यामुळं इथं जरा बसू.

पाच-तीन-दोनची जी ३० पानं, तीच इथं. चारही रंगांची अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत २८, वर इस्पिक आणि बदाम यांच्या दोन सत्त्या. दोघांना १५-१५. दोघांनी एकेक पान टाकलं की एक हात, तो वरचढ पानवाल्याचा. असे पंधरा हात होणार. वाटणाऱ्यानं ७ करायचे, समोरच्यानं ८. आठवाला पहिली पाच पानं बघून हुकूम, म्हणजे बाकी रंगांना मारणारा रंग, बोलतो, म्हणून ओझंही त्याच्यावर जास्त. उतारीचा, म्हणजे हातात आधी टाकलेल्या पानाचा, रंग असला तर तोच टाकायचा, नसला तर हुकमानं मारायचं किंवा दुसरं काहीतरी फेकायचं. नेमानं ठरलेल्यापेक्षा जास्त हात झाले तर पुढच्या डावात तेवढी पानं समोरच्याच्या हातातून ओढायची आणि बदल्यात आपली नको असलेली द्यायची.

पंधराही पानं हातात धरून खेळलात तर पुन्हा तीच वजाबाकी. ३० पानं दोघांत वाटण्याच्या १५ कोटी ५१ लाख १७ हजार ५२० तऱ्हा आहेत. मी माझी पंधरा उचलून बघितली की त्यातली फक्त एक उरते. सगळं उघड. तो वाईट खेळ होतो असं नाही, बुद्धिबळातही सगळं समोरच असतं. पण रात्री कंदिलाच्या उजेडात बुद्धिबळासारखा विचार करायला मामा तयार नव्हते, मीही नव्हते.

आमच्या घरी त्यामुळं असं खेळतात: पाच पानं हातात, पाच समोर जमिनीवर पालथी, आणि त्या प्रत्येकावर एकेक उताणं. हातातलं किंवा जमिनीवरचं उताणं, कुठलंही पान टाकता येतं. उताणं पान खेळलं गेलं की त्याखालचं उलटायचं. घराघरांत यात थोडा फरक असतो, पण कल्पना तीच. आता मोजा. माझ्या हातातली पाच मला दिसतात, माझी उताणी पाच, मामांची उताणी पाच. १५ दिसतात, १५ दिसत नाहीत. बरोबर निम्मं. त्या न दिसणाऱ्या पंधरांत पाच मामांच्या हातात, पाच त्यांच्या पालथ्यांत, पाच माझ्याच पालथ्यांत. माझीच असून मला माहीत नसलेली! तिसरा भिडू इथं गुपचूप दोघांच्या अंगणात झोपलाय. या पंधरांच्या अशा वाटण्या होतात ७ लाख ५६ हजार ७५६. एकवरून साडेसात लाखांवर, आणि त्यासाठी केलं काय, तर दहा पानं पालथी ठेवली.

यातली सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे ही अनिश्चितता डावागणिक कमी होत जाते. एकेक पालथं उलटतं, एकेक लाख गळतात. शेवटच्या दोन-तीन हातांना पुन्हा सगळं उघड असतं. पण ज्यानं मोजलंय त्यालाच.

चौथ्या की पाचव्या रात्रीचा डाव. मामांनी वाटलेलं, मी आठवाली, हुकूम बदाम. जमीन रिकामी झालेली, दोघांच्याही हातात दोन-दोन पानं. माझे सात हात, त्यांचे सहा. मला फक्त एक हवा, आणि उतारी माझी. माझ्याकडं इस्पिक राणी आणि चौकट दश्शी. हुकमाची आठही पानं पडून गेलेली, हे मी मोजलं होतं. हुकूम सगळेच मोजतात. चौकटचे एक्का, राजा, राणी गेलेले आठवत होते, गुलामही गेलाय अशी समजूत होती. इस्पिकच्या राजाबद्दल मात्र शंका. म्हणजे दश्शी पक्की आणि राणी कच्ची असं मी धरलं. हात दश्शीकडं गेला.

‘काय गं, मोजालीस का नुसतीच टाकालीस?’ मामा म्हणाले.

मी टाकली. मामांनी चौकटचा गुलाम ठेवला. मगाशी गेला होता तो किलवरचा गुलाम, आणि मी त्याला चौकटचा समजून बसले होते. मग त्यांनी किलवर अठ्ठी उतरवली. तीस पानांत बदाम आणि इस्पिकच्या सत्त्या सोडल्या तर अठ्ठीहून लहान काही नसतं. पण माझ्याकडं किलवर नव्हतं, हुकूम नव्हता, आणि माझी राणी त्या अठ्ठीखाली मुकाट गेली. इस्पिकचा राजा केव्हाच पडला होता. राणी आधी टाकली असती तर तिला कुणी हात लावू शकलं नसतं.

मामांचे आठ, माझे सात. पुढच्या डावात त्यांनी माझं एक पान ओढलं आणि ओढलं तेही नेमका एक्का.

मोजायची सवय नसेल तर तिसाही पानांच्या मागं लागू नका, डोकं फुटेल. हुकमाची आठ मोजा (हुकूम किलवर किंवा चौकट असेल तर सातच), आणि आपल्या हातात ज्या रंगाचं मधलं पान आहे, त्याच्यावरची किती गेली एवढंच धरा. माझ्याकडं दश्शी होती, म्हणजे चौकटची वरची चार. चारच! त्यातही मी चुकले.

रमीत तिसरा भिडू उघड उघड मधे बसतो: गड्डी. आपल्याकडची तेरा पानांची रमी दोघांत एका कॅटवर खेळली, तर २६ वाटली जातात, एक उघडं, एक जोकरसाठी, आणि २४ गड्डीत. पण खास दोघांसाठीच बेतलेली रमी हवी तर जिन रमी शिका. १९०९ साली न्यूयॉर्कमध्ये एल्वुड बेकर नावाच्या माणसानं ती बसवली. दहा-दहा पानं, एक उघडं, बाकी गड्डीत. पाळी आली की एक घ्यायचं, एक टाकायचं. एका नंबराची तीन-चार किंवा एका रंगाची ओळीनं तीन किंवा जास्त जुळवायची. इथवर ओळखीचंच. वेगळं पुढं आहे: सगळी पानं जुळायची वाट बघावी लागत नाही. न जुळलेल्या पानांची बेरीज दहा किंवा कमी झाली (चित्रांची दहा, एक्क्याचा एक) की पानं खाली ठेवून डाव थांबवता येतो. समोरच्याची न जुळलेली बेरीज जितकी जास्त तितके गुण तुमचे. पण त्याला आपली सुटी पानं तुमच्या जुळलेल्या पानांना जोडायची मुभा असते, आणि एवढं करून त्याची बेरीज तुमच्याइतकी किंवा कमी निघाली तर गुण त्याला, वर बक्षीसही त्यालाच. सातवर थांबावं, की अजून दोन पाळ्या बघाव्यात? त्या दोन पाळ्यांत तोच थांबला तर? डोक्याला खुराक तो इथं.

माझी दहा पानं आणि मधलं उघडं पान बघितल्यावर ४१ पानं अज्ञात. त्यातली दहा समोरच्याकडं कुठली, याच्या ११२ कोटींवर शक्यता. हा आकडा डोक्यात धरायचा नाही. धरायचं ते एवढंच की समोरचा माणूस दर पाळीला थोडंथोडं सांगत असतो. मामांनी उघड्यावरची किलवर नव्वी उचलली. कशाला? एकतर नव्व्या जमतायत, नाहीतर किलवरची ओळ. त्याच्या पुढच्याच पाळीला मी किलवर दश्शी सोडली तर मी शहाणी नव्हे. गड्डीतून घेतलेलं पान मात्र काहीच बोलत नाही. म्हणून उघडं पान थोडंसंच उपयोगी असेल तर ते सोडून गड्डीला हात घालण्यात शहाणपण असतं. त्यात तुमचं गुपित शाबूत राहतं.

रमी म्हणजे नशीब की कौशल्य, हा वाद १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. आंध्र प्रदेशातल्या त्या खटल्यात कोर्टानं तेरा पानांच्या रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानलं, आणि कारण काय दिलं, तर पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कुठलं धरायचं आणि कुठलं टाकायचं हे ठरवावं लागतं. तीन पानी त्यात बसत नाही असंही म्हटलं. भिकार-सावकार आणि सात-आठमधला फरकही हाच. पैशांचं म्हणाल तर तो विषय वेगळा. २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं ऑनलाइन पैशांचे खेळ बंद केले, कौशल्याचे असोत की नशिबाचे. सतरंजीवर चिंचोके लावून खेळणाऱ्यांना त्याचं काही नाही. आम्ही शेंगदाणे लावायचो, पण ते डाव संपायच्या आत संपायचे.

एक राहिलं: पिसणं. रमीचा डाव झाला की जुळलेली पानं एकत्र पडलेली असतात. ती गोळा करून हातावर चार वेळा वरखाली केली की झालं, असं बहुतेकांना वाटतं. होत नाही. कॅटचे दोन भाग करून कोपऱ्यांनी फर्रर्र करत पानं एकात एक सोडायची जी पद्धत, तीसुद्धा सात वेळा केल्याशिवाय कॅट नीट मिसळत नाही, हे डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवलं. हातावरचं पिसणं तर त्याच्या कितीतरी मागं. ती फर्रर्र जमत नसेल तर सगळी पानं पालथी सतरंजीवर पसरून दोन्ही हातांनी खसाखसा कालवा. दिसायला पोरकट, पण काम चोख. मामांना हे पटलं नाही. पानांचे कोपरे दुमडतात, हे त्यांचं कारण. माझा संशय वेगळा होता: त्यांच्या पिसण्यात बदामाची पानं फार एकत्र यायची.

कोल्हापुरातून आंबोली घाट उतरलं की सावंतवाडी. तिथं अजून हातानं रंगवलेली गोल गंजिफा मिळते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२०. मागच्या वर्षी तिकडं गेले तेव्हा मामांसाठी एक छोटा संच आणला. त्यांनी डबी उघडली, एकेक पान दिव्याशी धरून बघितलं, मत्स्य, कूर्म, वराह, आणि विचारलं, ‘किती जणांचा खेळ?’

‘तिघांचा.’

‘मग मामीला बोलाव,’ म्हणाले. मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘मी येणार नाही.’

मामांनी डबी मिटली आणि कपाटातून आमचा जुना कॅट काढला. इस्पिकची अठ्ठी पुरानंतर कुठंतरी हरवलीय, तिच्या जागी आम्ही छक्कीवर पेनानं आठ लिहून घेतलाय. सात-आठला छक्क्या लागत नाहीत, त्यामुळं चालतं.